सरासरी वाचण्याआधी साल वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

बेसबॉलचा इतिहास कुठून सुरू करावा, असं तू विचारलंस. जाड ग्रंथ तूर्त राहू देत. पेन्सिल, खोडरबर आणि कोरं स्कोअरकार्ड घे आणि एक अख्खा सामना स्वतः लिहून काढ. पेन नको. आधी 'हिट' (बॅटरला स्वबळावर बेस मिळवून देणारा फटका) दिलेला फटका अधिकृत स्कोअरर मागाहून 'एरर' (क्षेत्ररक्षकाची चूक) ठरवू शकतो.

क्षेत्ररक्षकांचे आकडे आधी पाठ कर. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६; मग लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड ७, ८, ९. हे आकडे जागेचे, जर्सीवरचे नव्हेत. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो, म्हणून नवखे त्याला हमखास ५ देऊन बसतात. ६-४-३ म्हणजे शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोघं आउट. बॅटर बॅट फिरवून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला तर 'के', नुसता बघत राहिला तर उलटा 'के'.

शेवटी ताळा कर. प्लेटवर (बॅटिंगच्या जागी) आलेला माणूस एक तर रन काढतो, नाही तर आउट होतो, नाही तर बेसवर अडकतो. या तिन्हींची बेरीज एकूण पाळ्यांइतकी यायलाच हवी. रनर बेस चोरताना बाद होऊन इनिंग संपली, तर अर्धवट राहिलेल्या बॅटरची पाळी धरायची नाही. ताळा चुकतो तो बहुधा इथेच. (२०२० पासून साखळी सामन्यांत जादा इनिंगला दुसऱ्या बेसवर फुकटचा रनर उभा करतात. तो या हिशेबाबाहेरचा. मला तो नियमच पटत नाही.)

या नोंदींची घडी बसवणारा हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. तुला ही कागदपत्रं परकी वाटणार नाहीत.

हात बसला की जुन्या सरासऱ्यांकडे (हिट भागिले बॅटिंगच्या संधी) वळ, पण साल बघून. मेजर लीगच्या दोन शाखा, नॅशनल आणि अमेरिकन. १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती. १९६८ मध्ये कार्ल यास्ट्रझेम्स्की .३०१ वर अमेरिकन लीगचा अव्वल फलंदाज ठरला! तो कमी पडला असं समजू नकोस. त्या वर्षी पिचरांचं राज्य होतं, पिचर बॉब गिब्सनचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या रन्स, जितका कमी तितका चांगला) १.१२. म्हणून १९६९ ला पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणला आणि स्ट्राइक झोनही (ज्या पट्ट्यातला चेंडू स्ट्राइक धरतात तो) आक्रसला. १८८७ ची सरासरी तर वेगळीच काढ, कारण त्या एका वर्षी वॉकही (पट्ट्याबाहेरच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस) हिटमध्ये धरत.

२०२४ मध्ये नीग्रो लीगचे (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे) आकडे मेजर लीगच्या नोंदींत आले आणि तिथला जॉश गिब्सन कारकिर्दीच्या सरासरीत .३७२ नं आधीच्या अव्वल टाय कॉबच्या वर गेला. त्याचे सामने कमी, अशी कुरकूर तुझ्या कानावर येईल. पण १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू उतरेपर्यंत मेजर लीगचं दार त्या खेळाडूंना बंदच होतं आणि त्यांच्या लीगचे हंगामही छोटे असत. सामने कमी पडले यात जॉश गिब्सनचा काय दोष?

पहिलं कार्ड ताळ्यासकट पाठव. खोडलेलं असलं तरी चालेल.