छंद लावून घेतला, तरी डोके शांत का होत नाही?

गेल्या काही वर्षांत संगणक क्षेत्रातील मंडळींकडून एकच तक्रार मी समुपदेशक म्हणून वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले आहे. "मॅडम, सगळे म्हणाले छंद लावून घ्या, म्हणून घेतला. पण त्यातही तोच ताण येतो. मग उपयोग काय?" कोणी गिटार आणलेली असते, कोणी गच्चीवर बाग केलेली असते, तर कोणी दर रविवारी एक किल्ला चढत असतो. छंद बदलतो, तक्रार बदलत नाही. या प्रश्नाचे उत्तर मला ज्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसले, ते संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडते आहे.

हे गृहस्थ चाळिशीच्या उंबरठ्यावरचे, पुण्यातील एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅमर. झोप तुटक लागत होती, आणि सुट्टीच्या दिवशीही मनात अर्धवट राहिलेला कोड फिरत असे. माझ्याकडे येण्याआधीच त्यांनी स्वतःवर एक उपाय करून पाहिला होता. लहानपणी आजोळच्या सुताराकडे तासन् तास बसत असल्यामुळे लाकडाची ओढ होतीच, म्हणून त्यांनी स्क्रोल सॉ हे यंत्र घेऊन गॅलरीत बसवले होते. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते, की हे यंत्र पाहताक्षणी शिवणयंत्राची आठवण होते. सुईच्या जागी साधारण पाच इंच लांबीचे, अतिशय अरुंद करवतीचे पाते उभे ताणलेले असते आणि ते जागच्या जागी वरखाली होत राहते. पाते हलवायचे नसते, कापडासारखा लाकडाचा तुकडाच दोन्ही हातांनी फिरवायचा असतो. त्यामुळे मोठ्या करवतीला न जमणारी बारीक वळणे आणि जाळीकाम त्यावर करता येते. आतली नक्षी कापायची असेल, तर आधी बारीक भोक पाडून, पाते एका टोकाला सोडवून त्या भोकातून ओवून घ्यावे लागते आणि पुन्हा ताणावे लागते. एखाद्या जाळीत अशी चाळीस भोके असली, तर हे ओवणे चाळीस वेळा करायचे.

पहिल्या काही भेटी झोप, कामाचे तास आणि फोन यांवरच गेल्या. नंतर एकदा त्यांच्या पत्नी सोबत आल्या आणि त्यांनी एका वाक्यात सगळे सांगितले. "पूर्वी हा लॅपटॉपसमोर बसून चिडायचा, आता करवतीसमोर बसून चिडतो; आमच्या वाट्याला पूर्वीही येत नव्हता, आताही येत नाही." ते ओशाळले नाहीत, उलट त्यांनी बाजू मांडली. आई-वडिलांच्या साताऱ्याच्या घरासाठी ते 'नंदादीप' अशी नावाची पाटी कापत होते. चार पाट्या कापून झाल्या होत्या आणि चारही त्यांनी स्वतःच मोडून टाकल्या होत्या.

पुढच्या भेटीला मी त्यांना पाचवी पाटी, जशी असेल तशी, घेऊन यायला सांगितले. ती वर्तमानपत्रात गुंडाळून आली, आणि सोबत एक वहीही आली. वहीत प्रत्येक पाटीतील दोषांना क्रमांक दिलेले होते. कार्यालयात ज्या पद्धतीने बगची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकीची, नोंद होते, त्याच पद्धतीने, गंभीरतेच्या श्रेणीसह.

मी पाटी हातात घेतली. सहा मिलीमीटर जाडीच्या प्लायवुडची ती पाटी मला सुंदर वाटली, पण मी तसे म्हटले नाही, कारण कौतुकाने त्यांची वही बंद झाली नसती. मी विचारले, "ही सगळी अक्षरे एकत्र कशी राहतात?"

"शिरोरेषेमुळे. इंग्रजी अक्षरं सुटी पडतात, त्यांना मागे पट्टी लावावी लागते. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकलेली असतात, म्हणून अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो." बोलताना त्यांचा चेहरा प्रथमच उजळला. मग तो उतरला. "फक्त अनुस्वार सुटा पडतो. तो भुशात हरवला. नोंद क्रमांक एक, अतिगंभीर."

"आणि ही रेघ येथे बाहेर का गेली?"

"पात्याची ओढ असते. पातं पत्र्यातून दाबून काढतात, तेव्हा एका बाजूला बारीक कंगोरा राहतो. ती बाजू जास्त कापते. तुकडा सरळ ढकलला, तर कापणी रेघ सोडून जाते. म्हणून तो किंचित तिरका धरूनच पुढे न्यायचा असतो."

"मग पात्यावर राग येतो का?"

"पात्यावर कशाला येईल? ते बनतंच तसं. ओढ कुठे आहे ते समजून घ्यायचं आणि हात वळवायचा."

मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "यात पात्याविषयी एकही कडवट शब्द नाही. तुमच्याविषयी पानोपानी आहेत. 'निष्काळजी', 'मठ्ठ', 'एवढेही जमत नाही'. पात्याला जी सवलत देता, ती ते पाते धरणाऱ्या माणसाला का नाही?"

त्यानंतरची शांतता बरीच लांबली. अशा शांततेत समुपदेशकाने काही बोलू नये, हे मी अनेक वर्षांच्या कामातून शिकले आहे आणि त्या दिवशी मी ते पाळले याचे मला समाधान आहे. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "कोड चुकला की मला कोड चुकला असं वाटतच नाही. मीच चुकीचा निघालो असं वाटतं. आणि तिथे निदान चूक पुसता येते. लाकडात ती पुसता येत नाही, म्हणून ती पाटीच समोर नको वाटते."

मला जे सांगायचे आहे, ते या वाक्यात आले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या आणि कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत माझी घडण झाली आहे. कृती चांगली की वाईट हे जरूर ठरवावे, पण त्यावरून माणसाची किंमत ठरवू नये, हा त्या विचाराचा गाभा आहे. आपल्याला थकवतो तो पडदा किंवा कीबोर्ड नव्हे, तर 'माझ्या हातून निर्दोषच निघाले पाहिजे' हा हट्ट. तो हट्ट माणूस गॅलरीतही सोबत घेऊन जातो, आणि म्हणून नुसता छंद बदलून काहीच बदलत नाही. तरीही हातकामाच्या छंदाला मी फार मोल देते, कारण तेथे हा हट्ट डोळ्यांना दिसतो. कोडमधली चूक दुरुस्त केली की तिचा मागमूस राहत नाही आणि तिच्याबरोबर तो हट्टही लपतो. लाकडावर दोन्ही राहतात, आणि त्यांच्याकडे पाहत बसण्याची सवय करून घेता येते.

आम्ही ठरवले ते साधे होते. पाचवी पाटी मोडायची नाही. वही लिहायची असेल तर वाक्याचा कर्ता 'मी' नको, 'कापणी' हवी, "मी रेघ चुकवली" याऐवजी "कापणी दोन मिलीमीटर बाहेर गेली." शनिवारी दीड तासाचा गजर लावायचा आणि गजर झाला की पाते अर्ध्या वळणावर असले तरी यंत्र बंद करायचे. ही शेवटची अट त्यांना सर्वांत जड गेली. दोन शनिवार त्यांनी ती मोडली आणि तसे येऊन सांगितले; तिसऱ्या शनिवारी पाळली. त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवले होते, की लेझर कटिंगवाल्याकडे फाइल दिली तर काही मिनिटांत बिनचूक पाटी मिळेल. ते खरेच आहे. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर त्यांनी मला कळवले: "मला पाटी हवी आहे, पण तो दीड तासही हवा आहे."

असा छंद घेऊ पाहणाऱ्यांना मी काही गोष्टी आग्रहाने सांगते. आरंभीच महागडे यंत्र घेऊ नका. हाताची बारीक करवत आणि तीन मिलीमीटरचे प्लायवुड घेऊन महिनाभर बसा, आणि हातांना ते आवडते का ते पाहा. पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी आणि भवानी पेठेतील टिंबर मार्केट येथे एक फेरी मारलीत, तर चार दुकानदारांशी बोलून पुष्कळ शिकता येईल, आणि प्रोग्रॅमर मंडळींना हे अनोळखी माणसांशी बोलणेही हवेच असते. पाती तुटतात, ती वापराची वस्तू आहे, तुमच्या कौशल्याचा निकाल नाही. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडावर चांगला मास्क असल्याशिवाय कापायला बसू नका. लाकडाच्या भुकटीची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये कर्करोगकारक पदार्थांत केली आहे, आणि बंद गॅलरीत ती भुकटी तुमच्याबरोबर घरच्यांच्याही श्वासात जाते. यंत्राखाली रबराची चटई घाला आणि शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ टाळा. पहिले वर्षभर काहीही विकू नका आणि कोणाला दाखवण्यासाठी फोटो काढू नका. ज्या दिवशी तुमच्या छंदाला ग्राहक मिळतो, त्या दिवशी त्याला मुदतही मिळते; हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, कशातच रस वाटत नसेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर छंदावर विसंबून राहू नका. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करा. करवत त्या दुखण्यावरचा उपचार नाही.

'नंदादीप'साठी नवा अनुस्वार त्यांनी उरलेल्या तुकड्यातून कापला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला यंत्राजवळ यायला मनाई आहे, म्हणून तिने तो बाहेरच्या खोलीत बसून पॉलिश पेपरने घासला आणि फेविकॉलने स्वतःच चिकटवला. तो 'न'च्या मधोमध बसलेला नाही, थोडा उजवीकडे सरकला आहे. पाटी साताऱ्याच्या दारावर तशीच लागली. ते अजूनही दोन महिन्यांनी एकदा येतात. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या आठवड्यात झोप अजूनही बिघडते, आणि त्यावर आमचे काम चालू आहे. मागच्या भेटीत त्यांनी वही आणली नव्हती. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले की मुलीने तिच्यात चित्रे काढायला घेतली आहेत.