अजेंड्यात नसलेला बाजार थेट दारात आला, आता काय करायचं?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. यांचं घर एका तालुक्याच्या गावात, नगरपरिषद हद्दीत, समोरचा रस्ता जेमतेम २० फुटांचा. गावचा गुरुवारचा आठवडे बाजार आजोबांच्या काळापासून जुन्या स्टँडमागच्या मैदानात भरायचा. गेल्या महिन्यात सर्वसाधारण सभेत ठराव झाला की मैदानाचं काम काढायचंय म्हणून बाजार यांच्या गल्लीत न्यायचा. विषय अजेंड्यावर नव्हता, ऐनवेळच्या विषयांत घेतला, आणि यांना कळलं ते थेट पहिल्या गुरुवारी सकाळी सहाला, गेटला कोंबड्यांची खुराडी टेकलेली बघून. आई पॅरालिसिसच्या पेशंट, फिजिओथेरपीला न्यावं लागतं, गुरुवारी गाडीच निघत नाही. मुख्याधिकारी म्हणतात ठराव सर्वानुमते झालाय, माझ्या हातात काही नाही. यांचा प्रश्न एकच, हायकोर्टातून लगेच स्टे मिळेल का?

हायकोर्टात जाता येतं, पण आत्ता जाऊ नका. तिथे पहिला प्रश्न येणार की जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला होतात का, आणि दुसरा, ठरावाची प्रत कुठाय. तुमच्याकडे आज दोन्ही नाही, आहे ती फक्त नगरसेवकाने चहाच्या टपरीवर सांगितलेली हकीकत. त्यामुळे सगळ्यात आधी कागद मिळवा.

नगरपरिषदेचा कारभार चालतो १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमावर. त्याच्या कलम ८१ मध्ये सभा कशी घ्यायची ते दिलंय. साधारण सभेची नोटीस पूर्ण ७ दिवस आधी, विशेष सभेची ३ दिवस आधी, आणि हे दिवस मोजताना नोटिशीचा दिवस नि सभेचा दिवस धरायचे नाहीत. नोटिशीत नुसती वेळ नि जागा चालत नाही, काय कामकाज होणार तेही लिहावं लागतं, आणि ती नगरसेवकांना देऊन भागत नाही, कचेरीत लावावीही लागते. का, तर तुमच्यासारख्याला आधी कळावं, आपल्या नगरसेवकाला गाठून सांगता यावं की बाबा, आमच्या गल्लीत नको.

आता ऐनवेळचा विषय म्हणजे आपोआप बेकायदा, असं मात्र समजू नका, कोर्टात नुसतं एवढंच म्हणून उभं राहिलात तर फार टिकणार नाही. कुणी ज्येष्ठ माणूस गेला, शोकप्रस्ताव आला, आदल्या रात्री पाण्याची मेन लाइन फुटली, हे ऐनवेळी येणारच ना. पण पिढ्यान्पिढ्या एका जागी भरणारा बाजार हलवणं हे सभा सुरू असताना कुणाला अचानक सुचलं, हे कुणालाही पटणार नाही. मैदानाचं काम निघायचं म्हणजे त्याचं एस्टिमेट झालं असणार, टेंडर निघालं असणार, म्हणजे बाजार उठवावा लागणार हे ऑफिसला कितीतरी आधी माहीत होतं. तुमचा मुद्दा हा आहे, आणि तो कागदाशिवाय सिद्ध होत नाही.

म्हणून उद्याच माहिती अधिकाराचा (आरटीआय) अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, आणि १५० शब्दांच्या आत, महाराष्ट्राच्या नियमात तशी मर्यादा आहे आणि नेमकं त्यावरच अर्ज परत येतात. 'बाजार का हलवला' असं विचारू नका, 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. प्रती मागा: त्या सभेची नोटीस नि विषयपत्रिका, नगरसेवकांना ती पोचल्याच्या सह्या, सभेचं इतिवृत्त, ऐनवेळच्या विषयावरची ऑफिसची टिपणी, मैदानाच्या कामाचा कार्यादेश. शिवाय मूळ प्रोसिडिंग बुक, म्हणजे ठराव लिहितात ती वही, डोळ्यांनी बघायची मागणी त्याच अर्जात करा, पाहणीचा पहिला तास फुकट असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, हे विसरू नका.

मूळ बुक बघा म्हणतोय त्याला कारण आहे. माझ्याच एका पक्षकाराच्या प्रकरणात (गाव सांगत नाही) झेरॉक्स एकदम स्वच्छ होती, पण बुक उघडलं तर बाकी सगळे ठराव निळ्या शाईत, ऐसपैस अक्षरात, आणि आमचा ठराव तेवढा काळ्या पेनाने, अक्षर बारीक, शेवटच्या दोन ओळी पीठासन अधिकाऱ्याच्या सहीच्या अंगावर चढलेल्या. सूचकाच्या नावापुढे जे नगरसेवक लिहिले होते ते त्या दिवशी हजेरीत नव्हतेच. झेरॉक्समध्ये शाईचा रंग दिसत नाही हो. तुमच्याकडे असंच असेल असं अजिबात म्हणत नाही, पण हजेरीचं पान, सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते' हा शब्द, चारही गोष्टी ताडून बघा. विरोध नोंदवलेला एक जरी नगरसेवक सापडला तरी सर्वानुमते गेलं.

कागद यायची वाट बघत बसायची मात्र गरज नाही. त्याच कायद्याचं कलम ३०८ आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांना नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवता येते, ठराव बेकायदा असेल तर, किंवा त्याने लोकांना इजा वा उपद्रव होण्यासारखा असेल, शांतता बिघडण्यासारखी असेल तर. तुमची केस सरळ उपद्रवात बसते. मुख्याधिकारी 'माझ्या हातात नाही' म्हणाले ते एका अर्थी खरंच आहे, ठराव अमलात आणणं हे त्यांचं काम, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आहे. अर्ज दीड पानाचा करा, त्यात राजकारण नको, कुणाचा मेहुणा कुठल्या कामाचा ठेकेदार वगैरे जे तुम्ही मला चार परिच्छेद लिहिलंत ते सगळं काढून टाका. लागोपाठ तीन गुरुवारचे गेटचे फोटो, आईंच्या डॉक्टरांचं पत्र, गल्लीतल्या घरांच्या सह्या, बस. आवक-जावकला देऊन पोच घ्या, शिक्का आणि आवक नंबर दिसला पाहिजे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याला लोकशाही दिन असतो, तिथेही हा विषय नेता येईल.

आणि एक विचारतो, बाजारातल्या बायकांशी बोललात का? तुम्हाला वाटतंय त्या तुमच्या विरोधात आहेत. मला तसं वाटत नाही. मैदानात सावलीला झाड होतं, गिऱ्हाईक ठरलेलं होतं, आता गटारावर फळकूट टाकून बसावं लागतंय. पथविक्रेत्यांचा २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात नगर पथविक्रेता समिती असते, किमान ४० टक्के सदस्य विक्रेते आणि त्यात एक तृतीयांश बायका, आणि कोण कुठे बसणार हे ठरवताना या समितीला विचारात घ्यावं लागतं. ज्यांच्याकडे विक्री प्रमाणपत्र आहे त्यांना ३० दिवसांच्या नोटिशीशिवाय हलवता येत नाही. ५० वर्षांपेक्षा जुन्या नैसर्गिक बाजाराला, म्हणजे विक्रेते नि गिऱ्हाईक परंपरेने जमत आलेल्या जागेला, त्या कायद्याच्या अनुसूचीत वेगळं संरक्षण आहे, आणि तुमचा बाजार आजोबांच्या काळापासूनचा. आठवड्याला एकदा येणाऱ्या प्रत्येकाकडे प्रमाणपत्र असेलच असं नाही, तो वाद नगरपरिषद घालणारच, पण समितीचा अभिप्राय घेतला होता का, हा प्रश्न दुसऱ्या आरटीआय अर्जात विचाराच. चार भाजीवाल्या आणि दहा घरं मिळून कलेक्टर ऑफिसला गेलात तर तुमचा अर्ज 'एका घरमालकाची कुरकुर' राहत नाही.

बाजार उठल्यावरचा कचरा, कोंबड्यांची घाण हा वेगळा मुद्दा आहे आणि तो जास्त सोपा आहे. रस्त्याची सफाई हे कलम ४९ खालचं बंधनकारक कर्तव्य आहे. यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली अर्ज करता येतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम १३३ तेच. १९८० सालचा मध्य प्रदेशातल्या रतलामचा निकाल आहे, तिथल्या न्यू रोडवरच्या लोकांनी उघडी गटारं नि दुर्गंधीसाठी हाच रस्ता धरला होता. नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत, सुप्रीम कोर्टाने ते ऐकून घेतलं नाही. अर्जात हा निकाल नक्की लिहा.

दिवाणी दाव्याचं थोडक्यात: नगरपरिषदेवर दावा लावायचा तर कलम ३०४ प्रमाणे आधी एक महिन्याची लेखी नोटीस, आणि घटनेपासून सहा महिन्यांची मुदत. नोटीस आत्ताच देऊन ठेवा, दावा नाही लावला तर बिघडत नाही, पण सहा महिने उलटले की पंचाईत.

आता जरा कडू बोलतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत गेटपुढे गटारावर सिमेंटचा उतार दिसतोय, बाजूला ओटाही पुढे आलाय. त्याची परवानगी आहे का? नसेल तर तुमचा अर्ज गेला की आठ दिवसांत बांधकाम विभागाचा माणूस टेप घेऊन दारात उभा राहणार, हे मी वीस वेळा बघितलंय. आईंच्या व्हीलचेअरसाठी उतार लागतोच, तर त्याची परवानगी आधी रीतसर मागा, ओटा मात्र तुमच्या हाताने काढून टाका. घरपट्टी थकली असेल तर तीही भरून पावती फाईलला लावा.

आणि अर्जाच्या शेवटी नुसतं 'बाजार हटवा' म्हणू नका. मैदानाचं काम संपायची तारीख लेखी द्या, तोवर गेटच्या दोन्ही बाजूला १० फूट जागा मोकळी ठेवा, मधून रुग्णवाहिका जाईल एवढा रस्ता सोडा, संध्याकाळी त्याच दिवशी झाडून घ्या, असं मागा. हे देणं कलेक्टरांनाही सोपं जातं, आणि नाही दिलं तर पुढे हायकोर्टात दाखवायला बरं पडतं.

येत्या गुरुवारी त्या कोंबडीवाल्याशी भांडू नका. त्याने बाजार फीची पावती फाडलीय, त्याच्या दृष्टीने ती जागा त्याचीच. उलट त्याच्याकडून त्या पावतीचा फोटो काढून घ्या, तारीख आणि ठेकेदाराचा शिक्का नीट येऊ दे. ठरावाची प्रत हातात नसतानाही बाजार फी तुमच्या गेटपुढे वसूल होतेय, एवढं दाखवायला सध्या तो एक फोटो पुरे.