चाकाचे नट पुन्हा पुन्हा सैल का होतात?

प्रश्न : माझी 1958 सालची गाडी नुकतीच पूर्ण दुरुस्त करून घेतली, चाकंही नव्याने रंगवली. 80 किलोमीटर फिरून आलो, तर पुढच्या डाव्या चाकाचे दोन नट हाताने फिरत होते. आट्यांना तेल लावून, पान्यावर पाईप चढवून ते आवळू का?

उत्तर : पाईप नको आणि तेलही नको. आधी चाक उतरवा आणि नट ज्या खोलगट जागेत बसतो तिथला रंग बघा. नट आवळला की स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, घट्ट दाबून धरलं जातं. मध्ये रंगाचा जाड थर असला की तो दाबाखाली चेपतो, ताण जातो, नट सुटतो. मीही एकदा हौसेने चाकांना आतबाहेर तीन हात रंग दिला होता. दुसऱ्याच दिवशी वळणावर टकटक ऐकू आली. चारपैकी तीन नट सैल, आणि एक भोक झिजून लांबट झालेलं! ते चाक मी पुन्हा लावलं नाही. तुमची भोकं तशी झाली असतील तर चाक बादच करा.

खोलगट जागेतला आणि हबला टेकणाऱ्या बाजूचा रंग खरवडून काढा, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा. मॅन्युअलमधला टॉर्क, म्हणजे नट आवळायचा पिळाचा जोर, सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल लावलं की तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो, आणि तुमचे स्टड साठीच्या पुढचे आहेत.

नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून तो बोटांनीच आट्यांवर चढवा. अडला तर जबरदस्ती नको. डावं चाक म्हणालात म्हणून सांगतो, क्रायस्लरसारख्या काही जुन्या गाड्यांना डावीकडे उलटे, म्हणजे उलट दिशेने आवळायचे, आटे असतात, तेवढं बघून घ्या. चाक वर असतानाच समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळा, मग गाडी खाली टेकवून टॉर्क पाना (ठरलेल्या टॉर्कला आवळता येणारा पाना) लावा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या, पण एकक वाचा. 50 फूट-पाउंड म्हणजे सुमारे 68 न्यूटन-मीटर. 50 न्यूटन-मीटरवर थांबलात तर पाव हिस्सा टॉर्क कमी पडेल.

50 किलोमीटरनंतर चाकं गार असताना पुन्हा टॉर्क पाना लावा. तेव्हा नट थोडा फिरणं साहजिक आहे. त्यानंतरही तोच नट सैल सापडला, तर गाडी बाहेर काढू नका, स्टड आणि नट दोन्ही बदला.