बोलावलंस, तर शेजारी बस

प्रिय लेकरा,
ख्रिस्तामध्ये सलाम.

रविवारी चर्चची उपासना सुटल्यावर फाटकाशी तू म्हणालीस, "मावशी, मी आता कुणालाच मंदिरात आणणार नाही. मला सुवार्ता सांगताच येत नाही." आणि स्कूटी काढून निघूनही गेलीस. उत्तर माझ्या तोंडातच राहिलं. म्हणून लिहायला बसले.

तुझी मैत्रीण आली, शेवटच्या बाकावर बसली, प्रवचन चालू असताना उठून गेली, आणि आता कॉलेजात तुला टाळते. तुला वाटतं, तुझी साक्ष कमी पडली. अगं, साक्षीचा प्रश्नच कुठे आला? ती बसली होती तेव्हा तू कुठे होतीस? तरुण संघाच्या मुलींबरोबर पुढे, माइकची वायर सोडवत. मी पाहत होते. पाहत होते आणि गुडघ्याचं निमित्त करून जागची हलले नाही, हेही लिहून टाकते. तुझ्याइतकीच मी चुकले. माझं जास्त चुकलं, कारण मला हे आधीच माहीत होतं.

कसं माहीत होतं ते सांगते. मी नर्स असताना वॉर्डातल्या एका आयाबाईंना नाताळच्या उपासनेला बोलावलं होतं. रात्रपाळीत कितीतरी महिने आम्ही दोघी एका डब्यातून जेवत होतो. त्या आल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेल्या, सोबत सहा वर्षांची नात. मी गायनवृंदात उभी. मंदिर गच्च भरलेलं. त्या एका बाकावर टेकल्या, तर "इथे आमच्या घरचे बसणार आहेत" म्हणून त्यांना उठवलं. दुसऱ्या बाकावर कुणी विचारलं, "आडनाव काय? गाव कोणतं?" हा प्रश्न आपल्याकडे कशासाठी विचारतात, ते तुला सांगायला नको. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला वरून एवढंच दिसलं, की त्या दाराशी चपलांजवळ उभ्या आहेत आणि नात त्यांचा पदर ओढते आहे. कवी ना. वा. टिळकांचं गीत चालू होतं, तीन कडवी बाकी होती. मी ती तिन्ही गायले. शेवटचं कडवं संपलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर त्या म्हणाल्या, "सिस्टर, गाणं छान झालं तुमचं." त्या रात्रीपासून त्यांचा डबा वेगळा झाला.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून आहे: बोलावलंस, तर शेजारी बस. मी गायनवृंद सोडला, त्यावर मंडळीत बरंच बोलणं झालं. आवाज गेला म्हणाले, मानपान हवा होता म्हणाले. आवाज माझा आजही चांगला आहे. पण ज्या रविवारी कुणी नवं माणूस येणार असेल, त्या रविवारी माझी जागा त्याच्या बाकावर. मंडळीच्या पंचांपैकी एकांनी मला विचारलं होतं, इतक्या वर्षांत तुमच्यामुळे किती बाप्तिस्मे झाले? मी मोजले नाहीत. मोजणारही नाही. या एका बाबतीत मी हट्टी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

शेजारी बसायचं म्हणजे काय, तेही नीट समजून घे. फळ्यावर गीताचा क्रमांक असतो, पण नव्या माणसाला तो आकडा कसला हे कळत नाही. पान काढून पुस्तक त्याच्या हातात द्यायचं. उभं राहायची वेळ आली की आधी हळूच सांगायचं. तुझी मैत्रीण आली त्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर आणि प्याला आपल्यापर्यंत आला की घ्यायचा की नाही, या विचारानंच ती पोर घामाघूम झाली असेल. "हे बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आहे, तू नुसती बसून राहा, कुणाला वाईट वाटत नाही," एवढं एक वाक्य तिच्या कानात सांगायला कुणी नव्हतं.

आणि तू तिला "कार्यक्रम आहे, नंतर जेवण आहे" एवढंच सांगून आणलंस, हे मला मुळीच आवडलं नाही. उपासना आहे म्हणून स्पष्ट सांगायचं. नको म्हणाली तर नको. तिच्या आईला कळलं तर काय, अशी भीती वाटते ना? मग तिच्या घरी जा, तिच्या आईसमोर बस. लपवून आणलेल्या माणसाशेजारी मोकळेपणानं बसता येत नाही.

शास्त्र तुला माझ्याइतकंच येतं. येशूच्या गावातून, नासरेथातून काही चांगलं निघेल का, असं नथनेलानं विचारलं तेव्हा येशूचा शिष्य फिलिप्प वाद घालत बसला नाही. येऊन पाहा, म्हणाला. अंद्रियानं तर आपल्या भावाला, शिमोनाला येशूकडे आणलं. पाठवलं नाही, आणलं. आणि आपले टिळक! 1893 मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला. आधी संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, नवा करार हातात आला तो नंतर. मी बसस्टँडवर पत्रकांचे गठ्ठे वाटले आहेत, ती पायाखाली गेलेलीही पाहिली आहेत. कागद देऊन पुढे निघालं की आपलं काम झाल्यासारखं वाटतं, तेवढंच.

पाच महिने तिच्याशी बोलतेस, काही फरक पडला नाही, असंही म्हणालीस. पाच महिने! टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. आणि तोही त्यांच्या स्वतःच्या मनानं. तू कसली घाई करतेस?

आता उद्या तिला भेट. मंदिराचा विषय काढू नकोस. "त्या दिवशी मी तुला एकटं सोडलं, माझं चुकलं," एवढं म्हण आणि तिचं काय म्हणणं आहे ते ऐकून घे. रागावली तर रागावू दे. मला त्या आयाबाईंना हे कधी म्हणता आलं नाही. त्यांची बदली झाली आणि राहूनच गेलं.

तिसऱ्या बाकावर भिंतीकडच्या दोन जागा मी दर रविवारी धरून ठेवेन. तुम्ही दोघी आलात तर मी मागे बसेन. तू एकटीच आलीस, तर माझ्याशेजारी बस.

तुझी,
मावशी