हेलिकॉप्टरला जमिनीतलं पाणी दिसतं का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न (शाहूवाडी तालुका): नमस्कार सर. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला, डोंगरावरनं हेलिकॉप्टर चाललंय आणि त्याच्या खाली दोरांनी एक भलामोठा षटकोनी सांगाडा लटकवलाय. खाली लिहिलं होतं की जमिनीतलं पाणी शोधतायत. आमच्या वाडीवर बोअर मारून मारून लोक कर्जात गेलेत, पाणाड्या नारळ घेऊन फिरतो, एकदा पाणी लागतं आणि तीनदा नुसता धुरळा निघतो. असं हेलिकॉप्टर आमच्या डोंगरावर फिरवलं तर बोअर कुठं मारायची ते नक्की कळेल का?

उत्तर: दादा, नक्की जागा कळणार नाही, हे आधीच सांगतो, कारण असल्या व्हिडिओंखाली जे लिहिलेलं असतं त्यानं लोकांच्या आशा फार वाढतात आणि मग पुढच्या बोअरला आणखी पैसे जातात. पण म्हणून ते तंत्र खोटं आहे असंही नाही, उलट फार कामाचं आहे, फक्त ते नेमकं काय मोजतं ते समजून घ्यायला पाहिजे.

त्या सांगाड्यावर तारेचे वेढे असतात. त्यातनं जोराचा करंट सोडतात आणि एकदम तोडतात. करंट तुटला की त्याचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात करंट तयार होतो, हे फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं आणि आपण सगळे शाळेत शिकलोय. इथं वाहक म्हणजे खालची जमीन. जमिनीत गोल गोल फिरणारे करंट तयार होतात, त्यांचं स्वतःचं बारीकसं चुंबकीय क्षेत्र असतं, आणि सांगाड्यावरचं रिसीव्हर ते टिपतं. देवळातल्या घंटेला टोल द्यायचा, हात काढून घ्यायचा आणि ती किती वेळ घुमते ते ऐकायचं, तसलाच हा प्रकार. कोरड्या घट्ट कातळात हा करंट लगेच विरतो, ओल्या चिकणमातीत किंवा खाऱ्या पाण्यात बराच वेळ रेंगाळतो. आणि जसजसा वेळ जातो तसतसा तो खाली खाली उतरत जातो, म्हणून पहिल्या काही मायक्रोसेकंदांचं रिडिंग म्हणजे वरच्या थराची माहिती आणि नंतरच्या मिलिसेकंदांचं रिडिंग म्हणजे खोलवरची. हे सगळं सेकंदात कित्येक वेळा होत राहतं आणि हेलिकॉप्टर तासाला ऐंशीएक किलोमीटरनं पुढं सरकत असतं, सांगाडा जमिनीपासून साधारण ३० ते ४० मीटरवर ठेवून. मग कॉम्प्युटरवर त्यातनं थर काढतात, किती खोलीवर विजेला किती अडथळा आहे त्याचे, म्हणजे ओहम-मीटरमध्ये.

म्हणजे बघा, यंत्राला पाणी दिसतच नाही. त्याला फक्त हा अडथळा कळतो. आता आपल्याकडचा काळा पाषाण घट्ट असेल तर आकडा शेकड्यांत जातो, कुजलेला पाणी धरलेला खडक असेल तर वीस-पंचवीस ते पन्नासच्या आसपास येतो, आणि चिकणमाती असली तरी आकडा तितकाच खाली येतो! पाणी देणारा मुरूम आणि पाणी अडवून धरणारी चिकणमाती, दोन्ही नकाशावर जवळजवळ एकाच रंगाचे. एकात मोटर चालते, दुसऱ्यात काहीच मिळत नाही. हा फरक आकाशातनं कळत नाही, तो जमिनीवरच्या विहिरी आणि बोअर बघूनच लावावा लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या खडकाची. सह्याद्री म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहत येऊन झालेला बेसाल्ट. एका थराचा वरचा भाग भोकाभोकांचा, मांजऱ्या, मधला भाग घट्ट, आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा, ज्याला जिऑलॉजीवाले रेड बोल म्हणतात. आपल्या बोअरला पाणी लागतं ते बहुतेक वेळा या सांध्यांत नाहीतर चिरांमध्ये. आता साठ-सत्तर मीटर खाली असलेला मीटर-दोन मीटरचा तांबडा पट्टा हवेतनं सुटा दिसत नाही, आणि हाताएवढी रुंद उभी चीर तर नाहीच नाही, कारण प्रत्येक रिडिंग खालच्या कितीतरी मीटर जागेची सरासरी असतं. ज्या चिरेवर तुमची बोअर नशीब काढते ती चीर या यंत्रासाठी फार बारीक आहे.

मग दिसतं काय? मोठा आकार दिसतो. कुजलेला थर डोंगराच्या कुठल्या बाजूला जाड आहे, कुठं घट्ट पाषाण अगदी वर आलाय, ओढ्याखाली गाळ किती खोल आहे, थरांचा उतार कुणीकडं आहे. आणि हे एका गावाचं नाही, अख्ख्या खोऱ्याचं, काही दिवसांत, जिथं रस्ता नाही तिथलंसुद्धा. दुर्गम डोंगरात हाच खरा फायदा. अमेरिकेत यलोस्टोनवर २०१६ मध्ये असं उड्डाण केलं आणि २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले, गरम पाणी खोलातनं फॉल्टवरनं, म्हणजे खडकातल्या मोठ्या भेगेवरनं, वर येतं आणि लाव्हाच्या थरांखाली आडवं पसरतं ते त्यात दिसलं, तेही एक खड्डा न खणता, नॅशनल पार्क असल्यानं तिथं खणताही आलं नसतं. अंटार्क्टिकात २०११ मध्ये टेलर हिमनदीवर फिरवलं तेव्हा बर्फाखाली खारं पाणी सापडलं. तिथं चित्र इतकं स्पष्ट आलं कारण बर्फ आणि खारं पाणी यांच्यात विजेच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपल्याकडं गोडं पाणी आणि बेसाल्ट, फरक असतो पण एवढा ठळक नसतो.

भारतात हे अगदी नवं नाही. केंद्रीय भूजल मंडळ आणि हैदराबादची एनजीआरआय, म्हणजे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी देशात सहा ठिकाणी पायलट म्हणून करून बघितलं, त्यात आपल्या महाराष्ट्रातला नागपूरकडचा बेसाल्टचा भाग होता. नंतर २०२१ मध्ये जोधपूरहून राजस्थान-गुजरात-हरियाणाच्या कोरड्या पट्ट्यासाठी मोठं काम सुरू झालं. पण ते बरंचसं सपाट आहे आणि आपल्याकडं घाट आहे, आणि इथं अडचण वेगळीच येते. सांगाडा जमिनीपासून लांब गेला की सिग्नल झपाट्यानं पडतो. सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठाराच्या, कडेला कोकणात सरळ कडा तुटलाय तिथं हेलिकॉप्टर कड्याला चिकटून खाली उतरू शकत नाही, पुढं जंगल आलं की झाडांच्या वरनं जावं लागतं, दुपारी घाटात वारा चढला की सांगाडा हेलकावतो. म्हणून सकाळची उड्डाणं आणि पावसाळ्यानंतरचेच महिने. जुलैमध्ये गगनबावड्याच्या ढगात कोण उडवणार?

शिवाय विजेच्या तारा. हाय टेन्शन लाईनच्या दोन्ही बाजूंचं शंभरएक मीटरपर्यंतचं रिडिंग बऱ्याचदा टाकूनच द्यावं लागतं. गव्यांसाठी शेताला लावलेल्या झटका मशीनच्या तारासुद्धा त्रास देतात, आणि आपल्या डोंगरकाठाला त्या आता ठिकठिकाणी आहेत.

आणि आता मला जे मनापासून सांगायचंय ते. हेलिकॉप्टर उद्या येऊ दे नाहीतर वीस वर्षांनी येऊ दे, त्याच्या नकाशाला अर्थ येणार तो तुमच्या बोअरच्या माहितीनं. आणि ती माहिती आपण दर उन्हाळ्यात फेकून देतो! रिग येते, रात्रभर खडखडते, सकाळी निघून जाते, आणि काय लागलं ते कुणीही लिहून ठेवत नाही. दादा, एक साधी वही करा. किती फुटांपर्यंत मुरूम, केसिंग कितीवर थांबलं, काळा पाषाण कुठनं सुरू झाला, तांबडी माती कुठं आली, पाणी कितव्या फुटाला आणि किती इंच. रिगवाल्याला विचारा, त्याला भुकटीचा रंग बघून सगळं कळतं, फक्त त्याला कुणी विचारत नाही. दर दहा फुटांची भुकटी छोट्या पिशवीत भरून वर आकडा लिहून ठेवली तर फारच चांगलं. कोरडी गेलेली बोअर तर जास्त महत्त्वाची, तिथं काय नाही ते ती ठामपणे सांगते, आणि त्या माणसाचे लाखभर रुपये निदान गावाच्या तरी उपयोगी पडतील. जागा मोबाईलच्या मॅपवर टाका. वाडीतल्या पंधरा-वीस बोअरची अशी वही झाली की ती घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जा. जमिनीत चार सळ्या रोवून करंट सोडून करतात तो सर्व्हे हेलिकॉप्टरच्या मानानं अगदी स्वस्त आहे, एका वाडीपुरता तोच योग्य आहे, आणि तुमची वही सोबत असेल तर त्याचं उत्तर कितीतरी पक्कं येतं.

प्रश्न (राधानगरी तालुका): असले सर्व्हे म्हणजे पुढं बॉक्साइटची खाण येणार असंच समजायचं का? आमच्याकडं लोक घाबरतात.

उत्तर: भीती उगीच नाही, मी ती खोडून काढणार नाही. ही पद्धत मुळात कॅनडात खनिजांसाठीच वाढली. तिथलं किड क्रीकचं तांब्या-जस्ताचं मोठं साठं १९५९ च्या हवाई सर्व्हेत उठून दिसलेल्या जागेवर १९६३ मध्ये ड्रिल केल्यावर सापडलं. आणि आपल्या जिल्ह्यात शाहूवाडी, राधानगरी, चंदगडला सड्यांवर बॉक्साइट आहे हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक आहे, त्यासाठी हेलिकॉप्टरची गरज पडली नाही.

पण ताई, तोच नकाशा गावाच्या बाजूनं पण वाचता येतो. सड्यावरचा जांभा कोरडा असतो तेव्हा विजेला प्रचंड अडथळा करतो, आणि त्याच्या खाली जी पांढरट-जांभळट चिकणमाती असते ती उलट, करंट सहज जाऊ देते. या दोघांमधला फरक हवेतनं छान दिसतो. आणि तुमचे झरे कुठनं येतात? पावसाचं पाणी भोकाभोकांच्या जांभ्यातनं खाली मुरतं, त्या चिकणमातीवर अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या कडेला बाहेर पडतं. ती चिकणमाती कुणीकडं उतरतेय ते कळलं की कुठल्या सड्याचं पाणी कुठल्या वाडीच्या झऱ्याला जातं ते ठरवता येतं, आणि वरचा जांभा काढला तर कुठला झरा आटेल तेही पुराव्यानं सांगता येतं. म्हणून माझं मत असं की सर्व्हे झाला तर अडवत बसू नका, पण त्याचा रिपोर्ट आणि डेटा ग्रामसभेला मिळालाच पाहिजे असा हट्ट मात्र पहिल्या दिवसापासून धरा.

प्रश्न (गगनबावडा): हे करंट माणसाला, गाभण जनावराला घातक असतात का?

उत्तर: नाही. हिशोब करून बघितला तर ३५ मीटर खाली जमिनीवर त्या सांगाड्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्रापेक्षाही कितीतरी कमी भरतं, आणि तेही हेलिकॉप्टर डोक्यावरनं जाईपर्यंतचे काही सेकंद. आवाजाचं मात्र खरं आहे, जनावरं बुजतात, दावं तोडतात, म्हणून कुठंही असं काम निघालं तर गावाला आधी तारीख सांगितली पाहिजे आणि त्या दिवशी जनावरं बांधून ठेवलेली बरी.

प्रश्न (भुदरगड तालुका): गेल्या पावसात आमच्या वरच्या डोंगराला भेग पडली. असा सर्व्हे करून दरड पडणार की नाही ते कळेल का?

उत्तर: कधी पडणार ते कुठलंच हेलिकॉप्टर सांगणार नाही. उतारावर कुजलेला थर किती जाड आहे, त्याखाली चिकणमाती आहे का, कुठं जास्त ओल धरलीय, एवढं कळू शकतं आणि धोक्याचे पट्टे आखायला ते उपयोगी आहे. पण तुमची भेग पडलेली आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली, नंतर तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. भेग दिसतेय, घरांच्या भिंती तडकतायत, झाडं किंवा पोल कलतायत, झऱ्याला अचानक गढूळ पाणी येतंय, यातलं काहीही असेल तर सर्व्हेची वाट बघायची नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, अंतर मोजून तारखेसह लिहा, फोटो काढा, तलाठी आणि तहसीलदारांना लेखी द्या आणि पोच घ्या. जोराचा पाऊस लागला की त्या भेगेखालच्या घरांनी रात्री तिथं झोपायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

प्रश्न (कोल्हापूर शहर): हेलिकॉप्टरनं आपल्या बेसाल्टच्या खाली काय आहे ते बघता येईल का?

उत्तर: बहुतेक ठिकाणी नाही. या पद्धतीची पोच साधारण दोनशे ते चारशे मीटर, आणि कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या एका खोल बोअरमध्ये बेसाल्ट संपायला सुमारे ९३२ मीटर जावं लागलं, त्याखाली जुना ग्रॅनाइट-नाईस लागला. तिथं मग हवेतनं गुरुत्वाकर्षण आणि चुंबकीय क्षेत्र मोजायची वेगळी पद्धत वापरली. जिल्ह्याच्या दक्षिणेकडं मात्र बेसाल्ट पातळ होत जातो, काही ठिकाणी बेसाल्टच्या खालचे जुने, कलादगी नावाचे वाळूखडक वर डोकावतात, तिथं प्रयत्न करण्यासारखा आहे.

प्रश्न (गडहिंग्लज): मी बीएस्सी फिजिक्सला आहे. या कामात यायचं तर काय शिकू?

उत्तर: जिओफिजिक्स. आयआयटी मुंबईला अप्लाइड जिओफिजिक्सची एमएस्सी आहे, धनबादलाही आहे, त्याच्या प्रवेशासाठी असते त्या जॅम परीक्षेची चौकशी आत्तापासून कर. गणित सोडू नकोस, पायथन शीक, कारण या कामात उड्डाण आठवडाभराचं असतं आणि त्यानंतर डेटातनं थर काढायला महिने लागतात. आणि सुट्टीत गावाकडं कुणाची बोअर सुरू असेल तर तिथं वही घेऊन उभा राहा, भुकटी हातात घेऊन बघ. वर शाहूवाडीच्या दादांना जी वही करायला सांगितलीय तसली गडहिंग्लजची एक वही तू सुरू केलीस तर या कॉलमकडं नक्की पाठव, मला ती बघायची आहे.