पत्रा मारायच्या आधी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तू बांधतेयस त्या विमानाच्या पंखाचा खालचा पत्रा मारून पाडव्याच्या आत तो बंद करू का, असं विचारलंस. नको करू. फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणत राहिलीस, पण त्यामागची घरची घाई मला ऐकू येत होती. म्हणून लिहायला बसलोय. कागद निदान दोनदा वाचला जातो.

घरच्यांचं मला कळतं. शेडमध्ये पूजा होणार, पैपाव्हणे येणार, विमान विमानासारखं दिसायला पाहिजे. रिबांचा, म्हणजे पंखातल्या फासळ्यांचा, उघडा सांगाडा बघून कुणाचं मन भरत नाही. पण खंडेनवमीला इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, आम्ही हेड उतरवून ठेवलेल्या इंजिनालाही झेंडू वाहतो, देवाची कधी तक्रार आलेली नाही. तू सांगाड्याला हार घाल.

तुझे फोटो मी मोठे करून बघितले. डाव्या पंखात एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) बेलक्रँकला, म्हणजे कोनी दांड्याला, पुशरॉड जोडलाय, तिथल्या बोल्टवर नायलॉक नट आहे, आत नायलॉनची रिंग असलेला. कंट्रोल स्टिक हलवली की तो सांधा फिरतो. फिरणाऱ्या सांध्याला नायलॉक चालत नाही, तिथं भोकाचा बोल्ट, खाचांचा कॅसल नट आणि त्यातून ओवायची स्प्लिट पिन लागते. हे तुला माहीत नाही असं मी समजत नाही. कुणीतरी जुळवून बघायला तात्पुरता नट लावला असणार आणि तो तसाच राहिला. उद्या पत्रा मारलास की तो कायमचा झाला. वर हवेत कधीतरी तो नट फिरत फिरत सुटेल, बोल्ट खाली पडेल, आणि तुला फक्त स्टिक एका बाजूला मोकळी झालेली कळेल.

माझं म्हणणं एकच आहे आणि तू कंटाळेपर्यंत मी तेच सांगणार: जे उघडून बघता येत नाही ते बसवायचं नाही.

प्रत्येक बेलक्रँकखाली, एलेरॉनच्या प्रत्येक बिजागरीपाशी, स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य आडा, जिथं बॉडीला जोडतो त्या बोल्टांपाशी हात जाईल एवढं भोक ठेव. भोकाभोवती जाड पत्र्याची रिंग रिबेट कर आणि वर स्क्रूचं झाकण. जागा मात्र मनानं ठरवू नको, ज्याचा आराखडा घेतलायस त्याला विचार, कारण पंखाची कातडीही भार घेते. तुझे घरचे काका म्हणतील वजन वाढतं. वाढू दे. त्यापेक्षा जास्त वजन तुम्ही रंगात घालणार आहात, तेव्हा कुणी बोलणार नाही.

माझी कसोटी साधी आहे. डोळे मिटून हात घातला तर नट बोटाला लागला पाहिजे. दाताचा डॉक्टर वापरतो तसला दांडीचा आरसा आणि टॉर्च घेतली तर स्प्लिट पिनचे दोन्ही पाय वळवलेले दिसले पाहिजेत. आणि पाना बसून थोडा तरी फिरला पाहिजे. यातलं एक जरी जमलं नाही तरी तो भाग अजून बसलेला नाही असं धर, मग तो कितीही घट्ट असो.

बोल्टचंही बोलून घेऊ. तुझ्या वडिलांच्या शेडमध्ये ८.८ ग्रेडचे बोल्ट पोत्यानं आहेत आणि "ताकद तेवढीच की" असा त्यांचा मुद्दा आहे. ताकद जवळपास तेवढीच आहे, त्यांचं बरोबर. पण बाजारातला बोल्ट बहुतेक वेळा डोक्यापर्यंत आट्यांचा असतो. विमानाच्या एएन बोल्टला आटे फक्त शेवटी असतात, भोकात गुळगुळीत दांडा बसतो आणि भार त्या दांड्यावर येतो. आट्यांवर भार आला की ते भोक कुरतडतात, आणि प्रत्येक आट्याची खाच ही तडा जायला तयार जागा असते. शिवाय ३/१६ इंची बोल्टाला टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, लागतो २० ते २५ इंच-पौंड. तुमच्याकडची पोरं ट्रकच्या चाकाला लावतात तो जोर लावतील आणि बोल्ट आधीच ताणून ठेवतील. इंच-पौंडात मोजणारा लहान टॉर्क पाना घे. महाग आहे, घे तरीही. आवळून झालं की नटावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून एक रंगाची रेघ ओढ. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. ती दिसायला भोक पाहिजे, म्हणजे आलो की नाही परत तिथंच?

भोकांच्या कडेची बर, म्हणजे ड्रिलनं उठलेली धार, काढायला जो मुलगा ठेवलायस त्याला घाई करू देऊ नको, तडा अशाच कडेवरून सुरू होतो. पोलादाचं एक बरं असतं, ताण ठरावीक मर्यादेच्या खाली राहिला तर ते वर्षानुवर्षं टिकतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी खालची मर्यादाच नाही, लहान ताणही मोजत मोजत ते थकतं. १९५४ साली कॉमेट ही प्रवासी जेट विमानं पडली तेव्हा इंग्रजांनी अख्खी बॉडी पाण्याच्या टाकीत घालून पुन्हा पुन्हा दाब दिला आणि तडा सापडला तो खिडकीसारख्या कापलेल्या जागेच्या कोपऱ्याशी. त्यांच्याकडं जगातले उत्तम इंजिनिअर होते. तुझ्याकडं नखानं बर चाचपणारा एक मुलगा आहे, त्याला चहा पाज आणि वेळ दे.

आता टाकी. इथं मी जरा चिडणार आहे.

फायबरची टाकी करून ती रिबांच्या मध्ये कायमची चिकटवायची कल्पना कुणाची? पेट्रोल कुठलं भरणार आहेस तू? पंपावरचं. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्याच भागातल्या उसाचं. उसाच्या बिलाच्या वेळी आपल्याला ते गोड लागतं, पण इथेनॉल बऱ्याच रेझिनला मऊ करतं, रबराला फुगवतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. टाकी गळू नये म्हणून आतून जो लेप ओततात तो या पेट्रोलात सुटून पापुद्रे होतो आणि पापुद्रे फिल्टरला जाऊन बसतात. लहान विमानांची इंजिनं बनवणारे रोटॅक्सवाले त्यांच्या ९१२ इंजिनाला १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतात. म्हणून प्रत्येक कॅनचं पेट्रोल तपासायचं. काचेच्या उभ्या नळीत थोडं पाणी घे, पाण्याच्या पातळीला मार्करनं खूण कर, वर पेट्रोल ओत, बूच लावून हलव आणि ठेवून दे. पाण्याची रेघ खुणेच्या वर चढलेली दिसली तर तेवढं इथेनॉल पेट्रोलातून पाण्यात उतरलं. ही नळी माझ्या टेबलावर कायम असते, येणाऱ्या प्रत्येकाला मी दाखवतो. बघितल्यावर लोक गप्प होतात, मग विचारतात, "आमच्या मोटरसायकलला चालतंय न्हवं?" मोटरसायकल बंद पडली तर माणूस रस्त्याकडेला उभा राहतो, एवढाच फरक.

टाकी अ‍ॅल्युमिनियमची कर आणि चार पट्ट्यांवर अशी बसव की पट्टे सोडले की बाहेर आली पाहिजे. ओलं इथेनॉल अ‍ॅल्युमिनियमही खातं, पण काढून आत टॉर्च मारता येते. तळाच्या सर्वात खोल जागी पाणी सोडायचा कॉक, बाहेर पडायच्या तोंडाशी जाळी. पंखात चिकटवलेली टाकी म्हणजे जमिनीखाली हळद साठवायचं पेव, वरून लिंपलेलं तोंड बघून सगळे खूश आणि आत काय कुजलंय ते काढायच्या दिवशीच कळणार.

इंजिनाबद्दल तू दोन पानं लिहिलीस. मारुती गाडीचं घेऊन प्रोपेलरच्या फेऱ्या कमी करणारं बेल्टचं रिडक्शन लावायचं, की जुनं रोटॅक्स ५८२ घ्यायचं. रिडक्शनशिवाय मारुतीचं चालणारच नाही हे तू हिशेबानं काढलंयस, छान. १.७ मीटरचा प्रोपेलर ५,५०० फेऱ्यांनी फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ४९० मीटर होतो, आवाजाच्या कितीतरी पुढं. नुसता गोंगाट होईल, ओढ मिळणार नाही. २,५०० फेऱ्यांना तोच वेग २२० च्या आसपास येतो. पण हिशेबात तू एक धरलं नाहीस. गाडीचं इंजिन रंकाळ्यापासून बिंदू चौकापर्यंत जाताना आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरतं. विमानात ते तासभर पाऊणपट ताकदीवर ओढत राहतं. त्यात सिलिंडरचा प्रत्येक धक्का आणि जड प्रोपेलर यांची एकमेकांशी पिळवटणारी झुंज लागते, रिडक्शन तुटतं ते बहुधा याच पिळानं. म्हणून बेल्ट. बेल्टचे दात डोळ्यांना दिसतात, गिअरच्या पेटीतलं दिसत नाही.

५८२ हे टू-स्ट्रोक, ६५ अश्वशक्तीच्या आसपास, हलकं. ओव्हरहॉल ३०० तासांना. विकणारा म्हणेल चालू आहे, सील तोडू नका. मला एकानं असंच म्हटलं होतं. मी फक्त एक्झॉस्ट उतरवला, टॉर्च लावली आणि प्रोपेलर हातानं सावकाश फिरवला. टू-स्ट्रोकचा पिस्टन आणि रिंगा एक्झॉस्टच्या खिडकीतून सरळ दिसतात. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते, वरच्या रिंगेचं टोक चिकटलेलं. तो गडी अजून भेटला की मान फिरवतो. आणि हे वरचं झालं, नुसतं पडून राहिलेल्या टू-स्ट्रोकच्या क्रँकची बेअरिंगं आतून गंजतात, ती केस उघडल्याशिवाय दिसतच नाहीत.

तेव्हा कुठलं घेऊ ते मला विचारू नको. कुठलं तू स्वतः पूर्ण उघडून पुन्हा जोडणार आहेस ते मला सांग, मी त्याला हो म्हणतो. मग ते टेस्ट बेडवर प्रोपेलरसकट बांध आणि चालव, पुन्हा उघड, पुन्हा चालव. राईट बंधूंचा मेकॅनिक चार्ली टेलर, त्यानं सायकलच्या दुकानातल्या लेथवर आणि ड्रिलवर १२ अश्वशक्तीचं इंजिन बनवलं. फेब्रुवारी १९०३ मध्ये टेस्टवर बेअरिंग जाम झालं आणि अ‍ॅल्युमिनियमची क्रँककेस फुटली. त्यांनी फाउंड्रीकडून दुसरं कास्टिंग घेतलं आणि डिसेंबरात उडाले. फुटायचं ते टेबलावर फुटलं. नावाजलेले कारागीर म्हादबा मेस्त्री यांच्या गावात हे मी कुणाला समजावून सांगायला लागावं, याचीच मला मौज वाटते.

२०१९ च्या महापुरानंतर शाहूपुरी, लक्ष्मीपुरीतून बुडालेली इंजिनं, मोटारी, पंप आमच्याकडं आले. ज्यांनी लगेच सगळं उघडून धुऊन तेल लावू दिलं त्यांची चालली. "वरून कोरडं आहे, चालू करून बघू" म्हणणाऱ्यांची बरीचशी भंगारात गेली. पाण्यानं मला नवीन काही शिकवलं नाही, पण तेव्हापासून माझ्याशी वाद घालणारे कमी झाले.

तुझ्या काकांनी एक वाक्य फेकलं ते तू मला सांगायला नको होतंस, पण सांगितलंस. "त्यांचं स्वतःचं विमान कुठं उडालं?" नाही उडालं. शेडमध्ये उभं आहे. उद्यमनगरातही लोक म्हणतात, म्हातारा उघडत बसला म्हणून राहिलं. तसं नाही. आधी एका कार्यालयात कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, मग घरात आजारपण, मग माझ्याच डोळ्यांची तपासणी आडवी आली. इंजिन आजही हातानं फिरवलं तर चारी सिलिंडरचा दाब बोटाला लागतो. ते उघडत राहिलो म्हणूनच. आता यात दिवस वाया गेले असं म्हणायचं तर म्हणोत. तुझ्या काकूला, म्हणजे आमच्या हिला, वरून जोतिबाचा डोंगर दाखवायचा होता, तेवढं राहिलं. बाकी कशाबद्दल मी कुणाला उत्तर देणं लागत नाही.

कागदांचं म्हणशील तर वैमानिक अमोल यादवांचं बघ. मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडियात मांडलं, डीजीसीएची, म्हणजे विमानांच्या सरकारी खात्याची, नोंदणी मिळाली २०१७ ला आणि उडवून बघायची परवानगी २०१९ ला. तुझंही असंच होणार, मनाची तयारी ठेव. रिकाम्या बसलेल्या त्या वर्षांत बंद पंखाचं तू काय करणार? उघडा असेल तर काम आहे. आणि तपासणारा माणूस येईल तो विचारणार की आत काय आहे ते दाखवा. प्रत्येक सांध्याचा तारखेसकट फोटो, टॉर्क किती दिला, कुणी दिला, हे वहीत असलं तर त्याचाही वेळ वाचतो. परवानगीच्या आधी शेतात "थोडं उडी मारून" बघायचं तुझ्या मित्राच्या डोक्यात आहे, त्याला माझ्याकडं पाठव. उजळाईवाडीचं विमानतळ किती लांब आहे तिथून, हे त्याला मी सांगतो.

सोमवारी आमच्याकडं बंद असतो, तेव्हा येतो. तोवर पत्रा क्लेकोंवर, म्हणजे तात्पुरत्या पिनांवर, धरून ठेव, एकही रिबेट मारू नको. नायलॉक काढून टाक, पण फेकू नको, मला बघायचा आहे. एएन बोल्ट कुठून आणले त्याचं बिल शोधून ठेव, आणि बिल नसेल तर ते सगळे बोल्ट वेगळ्या डब्यात. काकांनाही थांबायला सांग, टॉर्च धरायला एक माणूस लागतोच.

तुझा,
उद्यमनगरातला काका