सर्व्हरचे सगळे पोर्ट उघडे ठेवले, तर?

प्रश्न : रत्नागिरीतून आम्ही देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्याच्या आंबा व्यापाऱ्यांना बिलिंगचे सॉफ्टवेअर पुरवतो. नवी आवृत्ती दुकानांतल्या संगणकांवर पाठवणारा जेनकिन्स सर्व्हर भाड्याचा आहे. आमचे इंटरनेट मोबाइलवरचे असल्यामुळे आयपी पत्ता सारखा बदलतो. म्हणून एका परिचिताच्या सल्ल्याने फायरवॉलमध्ये (सर्व्हरची ये-जा रोखणाऱ्या संरक्षक भिंतीत) सर्वांसाठी सगळे पोर्ट (सर्व्हरची क्रमांक दिलेली दारे) उघडले. हे योग्य आहे का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : योग्य नाही. पत्ता बदलतो ही अडचण खरी आहे, पण तिच्यासाठी वायरगार्ड, म्हणजे ठरलेल्या यंत्रांनाच जोडणारा खासगी बोगदा (व्हीपीएन), हा उपाय आहे. त्याला यूडीपीचा (माहिती पाठवण्याच्या दोन मुख्य पद्धतींपैकी एक; दुसरी टीसीपी) एकच पोर्ट लागतो, सहसा ५१८२०. ओळख किल्लीवरून (गुप्त डिजिटल संकेतावरून) पटत असल्याने तुमचा पत्ता बदलला तरी बिघडत नाही, आणि किल्ली नसलेल्याला सर्व्हर उत्तरच देत नाही. जेनकिन्सचा ८०८० आणि एसएसएचचा (सर्व्हर दुरून चालवण्याच्या सोयीचा) २२ हे दोन्ही पोर्ट या वायरगार्डच्या आतूनच पोहोचता येतील असे ठेवावेत.

दुकानांकडे सर्व्हरने जाऊ नये. दुकानातल्या संगणकानेच ठरावीक वेळाने सर्व्हरच्या ४४३ या (सुरक्षित वेबच्या) पोर्टवर येऊन नवी आवृत्ती आहे का ते विचारावे आणि डिजिटल सही तपासूनच ती बसवावी. म्हणजे दुकानात एकही पोर्ट उघडावा लागत नाही, आणि जगासाठी उघड्या ४४३ वर फक्त आवृत्तीच्या फायली राहतात. डेटाबेसचा पोर्ट (पोस्टग्रेसचा ५४३२ किंवा मायएसक्यूएलचा ३३०६) बाहेर दिसण्याचे काहीच कारण नाही.

जेनकिन्स डॉकरमध्ये (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात) असेल तर विशेष सांभाळा. डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो, त्यामुळे यूएफडब्ल्यूमध्ये (तीच फायरवॉल सोप्या आज्ञांनी चालवणाऱ्या साधनात) ८०८० बंद दिसत असूनही तो बाहेरून खुला असू शकतो, आणि यात भले भले फसतात. कंटेनरचा पोर्ट प्रकाशित (पब्लिश) करताना पोर्टच्या क्रमांकाआधी वायरगार्डचा अंतर्गत पत्ता लिहावा. शिवाय भाड्याच्या सर्व्हरसोबत पुरवठादाराची वेगळी फायरवॉल मिळत असेल, तर तीही लावावी. ती यंत्राच्या बाहेर असल्याने डॉकरला ओलांडता येत नाही.

बदल करताना सुरू असलेले एसएसएच सत्र बंद करू नका. वायरगार्डमधून दुसऱ्या खिडकीत प्रवेश मिळतो हे पाहूनच बाहेरचा २२ बंद करा, नाहीतर ऐन हंगामात स्वतःच्याच सर्व्हरबाहेर उभे राहाल. नंतर वायरगार्ड बंद करून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एनमॅपने (उघडे पोर्ट शोधणाऱ्या साधनाने) तपासा: टीसीपीमध्ये ४४३ सोडून काही उघडे दिसता कामा नये. आयपीव्ही६ चा (नव्या पद्धतीचा आयपी) पत्ता असल्यास तोही तपासा, कारण नियम अनेकदा जुन्या आयपीव्ही४ पुरतेच लिहिले जातात.

एवढे दिवस सगळे उघडे होते, त्यामुळे कोणी आधीच आत शिरले असेल तर पोर्ट बंद केल्याने तो बाहेर जाणार नाही. शक्य असेल तर नवा सर्व्हर उभारावा, आणि जेनकिन्समध्ये साठवलेले पासवर्ड, एसएसएच किल्ल्या तसेच आवृत्तीवर सही करण्याची किल्ली जुन्या यंत्रावरून न उचलता नव्याने तयार कराव्यात.